न्हाणीतलं रान

१४ मार्च
मामंजी पुन्हा नाहीच म्हणाले! "उत्तरेच्या उतारावर माझ्या मेंढ्या चरतात. तिथे झाडं लावलीस तर त्यांनी जायचं कुठे? इन्व्हरनेस शहरात?" फर्गस, म्हणजे आमचा नवरा, बापापुढे ताटलीत तोंड खुपसून जेवत राहिला. आईमागे चरत शिकलेली जागा मेंढी सोडत नाही, हे मलाही कळतं. कुंपण घातलं तर तारेला नाक लावून ओरडत बसेल. पण आडोसा नाही म्हणून त्याच उतारावर यंदा बर्फात किती मेंढ्या गाडल्या गेल्या! ते कोणी बोलत नाही.

१७ मार्च
माझी बर्च आणि रोवनची रोपं ससे कुरतडायला लागले. सगळ्या कुंड्या उचलून न्हाणीतल्या टबात ठेवल्या. मामंजी खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे. "सूनबाई, मी अंघोळ कुठे करू? ओढ्यात?"
करा की!
मुळं कुंड्यांबाहेर आलीत. या वसंतात जमिनीत गेली नाहीत तर मेलीच.

२९ मार्च
वारा मंद, हेदरची झुडपं वरून कोरडी, खाली जमीन ओली — जुनं जाळून नवा चारा उगवायला झकास दिवस. मामंजींनी पश्चिमेचा अख्खा पट्टा पेटवला. एवढा मोठा कधी जाळत नाहीत! आम्ही फावडी आपटत कडेची आग विझवतोय आणि हे हुकूम सोडताहेत.
शेवटी बोललेच मी, "मेंढ्यांच्या चाऱ्यासाठी एवढं रान, आणि माझ्या झाडांना वीतभर नाही?"
"आग माझी. तू तुझी झाडं बघ."
भुवया जळल्या त्यांच्या. बरं झालं!

३० मार्च
अबोला. सकाळी ओटचं पॉरिज मात्र मामंजींना करून दिलं.

६ मे
कोकरं यायला लागलीत, झोपेचं खोबरं! जळलेल्या पट्ट्यावर कोवळं गवत आलंय, हिरवंगार. मामंजी रोज सकाळी तिकडे बघत उभे. काय बघताय म्हटलं तर "काही नाही." आणि हसतात! भुवया नसल्यामुळे आणखीच लबाड दिसतात.

१९ मे
न्हाणीत गेले तर टब रिकामा! "मामंजीss" करत तशीच धावले. उत्तरेच्या उतारावर एक मेंढी नाही. सगळ्या पश्चिमेच्या कोवळ्या गवतावर, कोकरांसकट — ती आता तीच जागा आपली म्हणून शिकणार. इकडे फर्गस हरणं आत शिरू नयेत म्हणून कुंपणाचे खांब ठोकतोय, आणि मामंजी गुडघ्यांवर बसून माझं रोवन लावताहेत. मला रडूच फुटलं.
"रडतेस काय, सूनबाई? जा, पाणी तापव. दोन महिने झाले मला टबात बसून!"