शालू लेफ्ट आऊट

बुलढाणा, १०-११-६५

ती. बाबांस शालूचा शि. सा. न. वि. वि.

परवा नागपूरच्या नव्या बाईंनी शेवटी निर्णय दिला. मी लेफ्ट आऊट. दोन दिवस जेवण गेले नाही, आता बरी आहे. कार्डावरची जागा संपली. आशीर्वाद असू द्यावा.

आपली शालू

अमडापूर, १४-११-६५

चि. शालू हिस अ. उ. आ.

तुझे कार्ड मिळाले. अर्थ लागेना म्हणून शाळेचे कारकून रंगराव यांच्याकडे नेले. ते म्हणाले, पोराचे नाव कमी केले की आम्ही रजिस्टरात लेफ्ट लिहितो, आणि आऊट म्हणजे बाहेर. म्हणजे तुला दोनदा काढले. एकदा काढतात ते समजते, दोनदा काढण्याजोगे तू काय केलेस?

तुझी माय म्हणते, पोरीले शिकाले धाडू नका म्हनलं होतं, मले कोनं विचारलं. तू मास्तरीण व्हावीस म्हणून चिखलीचे स्थळ थांबवले होते. त्यांना गुरुवारी, २५ तारखेला, तुला पाहायला बोलावले आहे. त्याआधी रविवारी, २१ला, तुला न्यायला येतो. पेटी बांधून ठेव. मी रागावलेलो नाही, घाबरलो आहे. बाईंच्या पाया पडावे लागले तर पडेन.

तुझा बाबा, शेषराव

बुलढाणा, १८-११-६५

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

बाबा, मला कोणी काढलेले नाही. लेफ्ट आऊट ही हॉकीतली जागा आहे. समोरच्या गोलाकडे तोंड केले की डाव्या हाताची, अगदी पांढऱ्या रेघेजवळची. तिथून चेंडू घेऊन धावायचे आणि मधल्या मुलींना द्यायचा. खेळाच्या नव्या बाईंनी निवडलेल्या अकरा जणींत माझे नाव आले, त्या आनंदात जेवण गेले नाही.

चूक माझीच. मी ढोपर फोडून घेते हे मायला कळू नये म्हणून हॉकी हा शब्दच लिहिला नाही. पण चिखलीच्या लोकांना बोलावू नका. मार्चात ट्रेनिंगची परीक्षा आहे, मला मास्तरीण व्हायचेच आहे. रविवारी चारला सामना आहे. तुम्ही निघण्याआधी हे पत्र पोचावे, नाहीतर काय होईल या विचाराने झोप नाही. लोभ कमी करू नये.

आपली शालू

अमडापूर, २२-११-६५

चि. शालू हिस अ. उ. आ.

तुझे पत्र आज पोचले. काल मी येऊन गेलो.

बाईंना काय विनवायचे ते एसटीत घोकत आलो. वसतिगृहाच्या रखवालदाराने मैदान दाखवले. रेघेपाशी जाऊन उभा राहतो तर तूच काठी घेऊन धावत आलीस आणि दोन हातांवरून निघून गेलीस. मला पाहिले नाहीस. शेजारच्या शिपायाला विचारले, ही पोरगी अजून इथे कशी. तो म्हणाला, लेफ्ट आऊट हाय ते, लय जोरात पयते. तेव्हा मी तिथेच खाली बसलो.

सामना संपेपर्यंत बसून होतो. हाक मारली नाही. मारली असती तर कशासाठी आलो तेही सांगावे लागले असते, आणि त्याची मला लाज वाटली. शेवटची बस धरली.

मायला सारे सांगितले. ती म्हणाली, ढोपराले हळद लाव म्हना. पुढच्या सामन्याला मी डाव्याच बाजूला उभा असेन, एकदा बघ.

चिखलीकरांना आजच माणसाहाती चिठ्ठी धाडली. येऊ नये, मुलगी लेफ्ट आऊट आहे, एवढेच लिहिले. अर्थ सांगायला त्यांच्याकडेही कोणी रंगराव असेलच.

तुझा बाबा, शेषराव