तिसरा हिस्सा

१० एप्रिल

चि. छकुलीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

अपूर्णांक जमले, हे वाचून शिलाईयंत्र सोडून नाचले बघ! ठरल्याप्रमाणे धड्याचे शंभर सोबत आहेत. आता एकच गणित उरलं, त्याचे पाचशे. रविवारी बाबांचे भागीदार जेवायला येतील, तेव्हा सगळ्यांसमोर बाबांना विचार, पाव हिस्सा मोठा की तिसरा? आणि आत्याला काय सांगितलं होतंत?

तुझ्या हुशारीवर जीव टाकणारी,
आत्या

१८ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, तरी देतो.

छकुलीने विचारलं तेव्हा भागीदार आधी हसले, मग ताटाकडे बघू लागले. तुझ्या वहिनीने खोदून खोदून विचारलं, तेव्हा सांगावं लागलं. वडिलांचं दुकान विकलं तेव्हा आई, तू, मी असे तिघे वाटेकरी. तिनापेक्षा चार मोठे, म्हणून पाव हिस्सा घे, असं मी म्हटलं आणि तू खुशीत सही केलीस. चुकलो. पण पैसे चारून माझीच पोर माझ्या अंगावर सोडलीस?

तुझा,
दादा

२२ एप्रिल

ती. दादास, शि. सा. न.

मुलीला कशाला हवं गणित, म्हणून माझी शाळा तूच सोडवलीस. मग त्याच अडाणीपणाचा फायदा घेतलास. वर तो किस्सा मित्रांना रंगवून सांगितलास. मी दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी होते. पैसे तुला लखलाभ. मला तुझी मान खाली गेलेली हवी होती. गेली. परवा कितीतरी वर्षांनी गाढ झोपले.

तुझीच बहीण, नाइलाजाने,
धाकटी

३० एप्रिल

प्रिय आत्या, नमस्कार.

मला ते कोडं वाटलं होतं गं. सगळे हसतील आणि बाबा मला उचलून घेतील, असं वाटलं. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. वहीवर सहीसुद्धा आईच करते. बाबांनी तुला फसवलं, ते वाईटच. पण मला न सांगता तूही मला पुढे केलंस. तू नंतर पाठवलेले पाचशे परत पाठवते आहे. तुझं भांडण तू येऊन कर.

अजूनही तुझीच,
छकुली

४ मे

ती. दादास, शि. सा. न.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते आहे. त्याआधी पोरीशी बोल; तिचा काही दोष नाही, तिची माफी मी समोर बसून मागणार आहे. तुला मात्र माफ केलेलं नाही. रागात लखलाभ म्हटलं, तरी माझ्या हिश्शाचं आपण दार लावून बोलू, आणि या वेळी कागद मी वाचणार.

लोभ राहील की नाही, ते शनिवारी ठरवू.
धाकटी