डावीकडचं उत्तर

रविवार, ५ जून २०१६

धडकलो. दुपारी, दुसऱ्या फेरीत, लाकडाच्या वखारीजवळच्या फाटकात. फाटक म्हणायचं आपलं — तिथे ना दांडा ना दिवा. इंजिनाने शिटी द्यायची, वेग कमी करायचा, ड्रायव्हरने उजवीकडे बघायचं आणि हाइत्सरने डावीकडे. हाइत्सर म्हणजे मी. आठवडाभर स्टुटगार्टला ब्रेकच्या चाचण्या घेणारी आणि रविवारी हौसेने वाफेच्या इंजिनात कोळसा मारणारी बाई!

डावीकडून ट्रॅक्टर आला. मागच्या गवताच्या ट्रॉलीला आमच्या इंजिनाचा पुढचा बफर लागला आणि ट्रॉली कलंडली. ट्रॅक्टर चालवणाऱ्या बाईंचं मनगट मोडलं. आमच्या डब्यात नुसते केक सांडले. मनगटावर निभावलं. डोकंही असू शकलं असतं.

अँब्युलन्स येईपर्यंत वाल्टर त्या बाईंशेजारी गवतात बसून होते. मी इंजिनावरच राहिले, बॉयलरमधलं पाणी बघत. कोणीतरी बघायलाच हवं, असं स्वतःला सांगत होते.

सोमवार, ६ जून

ऑफिसला गेले नाही. काय झालं ते एकदा सरळ लिहून काढते. इथे तरी.

वाल्टर शेम्प आमचे ड्रायव्हर. वय चौऱ्याहत्तर. जन्मभर रेल्वेत होते, आता रविवारी वाफेची जुनी गाडी चालवणाऱ्या आमच्या हौशी संस्थेत इतर सगळ्यांसारखे फुकट राबतात. मला सगळं त्यांनीच शिकवलं — पहाटे आग कशी लावायची, कोळसा कोपऱ्यापर्यंत कसा पसरायचा, राख कधी ओढायची. संस्थेत सगळे एकमेकांना 'दू' म्हणतात, म्हणजे अरे-तुरे. तोंडाने मीही म्हणते, पण इथे 'तो वाल्टर' असं हातून उतरत नाही. ते मला सूले म्हणतात. इथले श्वाबियन लोक लाडक्या गोष्टीला 'ले' लावतात. माझं नाव सुलेखा ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाले होते, हिच्या नावात तर आईबापांनीच 'ले' घालून पाठवलंय!

तर, फाटक आलं की वाल्टर विचारतात, डावीकडे फ्राय? फ्राय म्हणजे मोकळं. (आपल्याकडे फ्राय म्हणजे सुरमई — हे सांगितल्यावर ते दोन रविवार हसत होते.) मी बाहेर वाकून बघायचं आणि 'फ्राय' म्हणायचं, नाहीतर 'हाल्ट'. नियमात तिसरा शब्द नाही.

काल इंजेक्टर दगा देत होता. बॉयलरमध्ये पाणी ढकलतो, तो. मी पाठ करून त्याच्याशी झटत होते. मागून वाल्टरांचा प्रश्न आला. आणि मी म्हटलं, "या."

जर्मनमध्ये या म्हणजे हो. पण माझं ते हो नव्हतंच! आपण फोनवर हं-हं करतो, तसं. ऐकतेय, बोला. समोरचा काही सांगत असला की मध्येमध्ये 'हो, हो' म्हणत राहायची आपली रीत, नाहीतर त्याला वाटायचं भिंतीशी बोलतोय. अकरा वर्षांत माझं हो-हो तेवढं जर्मन झालं, सवय पुण्याचीच राहिली. वळले नाही. बघितलं नाही. हो ला हो केलं, झालं.

बुधवार, ८ जून

आज उलरिकेने शेडमागच्या खोलीत आम्हा दोघांना बोलावलं. गाड्या चालवण्याची सगळी जबाबदारी तिची. पोलिसांचा कागद वेगळा, हा संस्थेचा.

आधी वाल्टर बोलले. मी विचारलं, सूले 'फ्राय' म्हणाली, मी गाडी पुढे घेतली. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. टेबलाकडे बघत होते.

उलरिके माझ्याकडे वळली. "तू फ्राय म्हणालीस?"

"नाही," मी म्हटलं. "मी फ्राय म्हटलं नाही."

अक्षरशः खरं! मग काय म्हणालीस, हे तिने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. तिने लिहून घेतलं. वाल्टरांनी मान वर केली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मला वाटलं आता भांडतील. भांडले असते तर कदाचित मी बोलले असते. ते म्हणाले, मग माझीच ऐकण्यात चूक झाली असेल.

उलरिके जरा घुटमळली. मग हळूच विचारलं, वाल्टर, कान शेवटचे कधी तपासले होतेस?

मी सही करून बाहेर आले आणि हात धूत बसले.

का केलं? आइनबुर्गरुंगचा, म्हणजे इथल्या नागरिकत्वाचा, अर्ज मार्चपासून सरकारी ऑफिसात पडलाय — पोलिसांच्या कागदात नाव आलं तर तो लांबणार. हे कारण खरं आहे. दुसरं जास्त खरं आहे. इंजिनावर चढणारी संस्थेतली मी एकटी बाई, एकटी परदेशी. 'बघा, तेव्हाच म्हटलं होतं' असं कोणी म्हणू नये, म्हणून. लाजेपायी एका म्हाताऱ्या माणसाचे कान विकले मी.

गुरुवार, ९ जून

दिनकरला सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, मग तू खोटं कुठे बोललीस? माझ्यावर चिडेल अशी आशा होती. नवराही माझ्याच बाजूचा निघाला.

शनिवार, ११ जून

शेडमध्ये कामाचा दिवस. बफरचा बीम वाकलाय, तो उतरवला. मी बॉयलरच्या नळ्यांमधली काजळी काढायचं काम मागून घेतलं — तिथे तोंड दिसत नाही.

सगळे माझ्याशी इतके चांगले वागले! माझ्यासाठी मुद्दाम केक बाजूला ठेवला होता. किती घाबरली असशील, म्हणत होते. वाल्टर आले नव्हते, म्हणून त्यांच्याबद्दल बोलणं निघालं. एकेकाला आठवायला लागलं. परवा दोनदा हाक मारली तरी वळला नाही. कॉफीच्या वेळी भलतंच उत्तर दिलं. वय झालंच की आता. महिन्यापूर्वी हेच लोक त्यांच्या पंच्याहत्तरीला गाडी फुलांनी सजवायचं ठरवत होते.

मीही मान डोलावली. ते लिहून ठेवते, नाहीतर पुढे विसरायची सोय करीन.

रविवार, १९ जून

गाड्या पुन्हा सुरू झाल्या, पण डिझेल इंजिनावर. लोक हिरमुसले. एका आजोबांनी विचारलं, धूर कुठाय? मला तिकिटांना चिमटे काढायला ठेवलंय.

दुपारी वाल्टर आले. साध्या शर्टात. शेडची किल्ली आणि टोपी उलरिकेच्या टेबलावर ठेवली. ती म्हणाली, अरे, आधी कानांची तपासणी तर होऊ दे, सगळं ठीक निघेल. ते म्हणाले, तपासणी नको, मला जे कळायचं ते कळलंय.

बावन्न वर्षं इंजिनावर काढलेला माणूस! स्वतःच्या कानांवरचा विश्वास माझ्यामुळे उडाला. ऐकलेलं खरं होतं, आणि त्यांना वाटतंय भास झाला.

जाताना माझ्यापाशी थांबले. त्यांच्या झाडाच्या चेरी आणल्या होत्या, पिशवीभर. "तू मनाला लावून घेऊ नकोस, सूले," म्हणाले, आणि पटकन निघून गेले. डोळ्याला डोळा दिला नाही. नसेलच द्यावासा वाटला.

चेरी लेकीने, उर्जाने संपवल्या. मला एकही गिळवली नाही.

मंगळवार, २१ जून

उर्जाला खोली आवरायला सांगत होते. नेहमीप्रमाणे मी मराठीत, ती जर्मनमध्ये. मोबाइलमधून डोकं वर न काढता, "या, या."

मी ओरडले. नुसतं या-या करू नकोस, मी काय सांगितलं ते ऐकलंस तरी का! इतकी ओरडले की दिनकर धावत आला. तेरा वर्षांची पोर, घाबरून बघत राहिली. मग मला रडू फुटलं. तिला काही कळलं नाही, पण उठून शेजारी बसली बिचारी.

शुक्रवार, २४ जून

ऑफिसमधून लवकर निघून ट्रॅक्टरवाल्या बाईंकडे फुलं घेऊन गेले. हात गळ्यात बांधलेला. कॉफी दिली, डाव्या हाताने ओतून. म्हणाल्या, वाल्टर एक दिवसाआड येतात, गोठा साफ करून जातात. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. फार लागलंय हो त्यांच्या जिवाला.

गोठा! चौऱ्याहत्तराव्या वर्षी! आणि मी फुलं नेली, तीही स्टेशनवरच्या दुकानातून.

गुरुवार, ३० जून

कागद लिहिला. उलरिकेच्या नावाने, एक पान. 'वाल्टरने विचारलं तेव्हा मी न बघता "या" म्हटलं. तो शब्द नियमात नाही हे मला माहीत होतं, आणि त्याचाच आडोसा मी घेतला. वाल्टरने उत्तर ऐकलं होतं. त्याचे कान ठीक आहेत.' जर्मन चार वेळा तपासलं. माझी बुद्धी कशी आहे बघा — अपराध कबूल करतानाही व्याकरण चुकायला नको!

दिनकर म्हणाला, निदान नागरिकत्वाचा कागद हातात येईपर्यंत थांब. समजावून सांगत होता, रागावून नाही. त्याचं काही चुकत नाही. आम्हा चौघांचं आयुष्य त्या अर्जाला टांगलेलं आहे — माझ्या सासूबाईंनाही इकडे आणायचंय. पण रोज सकाळी उठलं की पहिली आठवण टेबलाकडे बघत बसलेल्या वाल्टरांची येते. असं किती दिवस काढणार?

रविवारी देणार. आणि आधी वाल्टरांना सांगणार. त्यांच्या तोंडावर.

रविवार, ३ जुलै

मी निघायच्या आतच वाल्टर दारात उभे. तासभर गाडी हाकत आलेले. इस्त्रीचा शर्ट. पाणीसुद्धा न घेता उभ्याउभ्याच बोलले. माफी मागायला आले होते! डाव्या कानाने वर्षभर काही ऐकू येत नाही. इंजिनावर मी काय म्हणते ते त्यांना माझ्या ओठांवरून कळायचं. "त्या दिवशी तुझी पाठ होती, सूले. मला काही ऐकू आलं नाही. तिथे नेहमी मोकळंच असतं, म्हणून गेलो. आणि उलरिकेसमोर तुझं नाव घेतलं."

मी कागद त्यांच्या हातात दिला. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचला.

"म्हणजे तू काही बोलली होतीस?"

उलरिके दहाला शेडमध्ये येते. आम्ही दोघं निघालोय.