शारांतवर मार्सियालबरोबर

शातोनफ, सोमवार, ८ जुलै १९९१

प्रिय लुसिएनताईस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण, मला शिसारी आली आहे. नदीची नाही, शारांत बिचारी संथ आहे, हिरवी आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शिसारी आली आहे ती तुझ्या मार्सियालची. तूच जमवलंस, आता तूच ऐक.

हा माणूस खिशातल्या एकाच चाकूने सॉसेज कापतो, नखं कोरतो आणि पुन्हा चीज कापतो. मधे चाकू विजारीला पुसतो, तेवढीच काय ती स्वच्छता. नावेतल्या संडासाचा पंप बारा वेळा हलवावा अशी पाटी आहे. हा तीनदा हलवून शीळ घालत बाहेर येतो. त्यावर कडी म्हणजे शंभरेक जिवंत गोगलगायी जाळीच्या पेटीत भरून नावेवर आणल्यात. शिजवण्याआधी पोट साफ व्हायला त्यांना आठवडाभर उपाशी ठेवतात हे मला काय ठाऊक नाही? आपली आईही ठेवायची, पण परसातल्या खोपीत, माणसांच्या उशाशी नाही! आज सकाळी एक माझ्या उशीवर होती. तिची चिकट रेघ थेट माझ्या केसांपर्यंत. मी किंचाळले, तर हा म्हणतो की ओरडू नका, ती बिचारी चार दिवसांची उपाशी आहे.

आठ दिवस नावेवर काढ, माणूस कळेल, असं तू म्हणालीस. दोन दिवसांत कळला. रविवारी सेंतला पोचल्यावर लग्नाचं हो की नाही ते सांगेन असा शब्द दिलाय, तो पाळीन. पण जन्मभर याच्या समोर बसून जेवायचं कसं, ते तूच सांग.

फेर्नांभावजींना नमस्कार. लोभ आहे तो तसाच राहू दे.

तुझी,
आर्लेत


सेंत, मंगळवार, ९ जुलै

चि. आर्लेत हिस अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुमच्या वाटेवरच्या जार्नाकच्या पोस्टात राखून ठेवायला सांगितलं आहे. तोवर त्या बिचाऱ्याला नदीत ढकलू नकोस.

बाई गं, तुझं नाक जन्मापासूनच वर. त्या नोटरीच्या कानात केस होते म्हणून तो नको. शाळामास्तरांच्या हाताला घाम येतो म्हणून ते नकोत. आता एकसष्ट पूर्ण झाली तुला. मागल्या हिवाळ्यात तापाने फणफणली होतीस, तेव्हा लिमोजच्या त्या घरात तीन दिवस पाणी द्यायला माणूस नव्हतं. ते मला शेजारणीकडून कळलं, तू कळवलं नाहीस. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणून मी मार्सियालच्या मागे लागले, हौस म्हणून नाही.

त्याची बायको इव्होन गेली त्याला चार वर्षं झाली. कोन्याकात आयुष्यभर ब्रँडीची पिंपं बांधली, पण कधी पिऊन घरी आला नाही. फेर्नांचं घोरणं ऐकशील तर गोगलगायी परवडल्या म्हणशील. रविवारी चौदा जुलैच्या राष्ट्रीय सणाचं जेवण आहे, अठरा माणसं आहेत, कोकराची तंगडी सांगून ठेवली आहे. हसतमुखाने ये.

माया आहे म्हणूनच बोलते, हे धरून चाल.

तुझी ताई,
लुसिएन


जार्नाक, गुरुवार, ११ जुलै

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. रागावले, रडले, आणि आता भलतंच लिहायला बसले आहे.

काल बासाकच्या अलीकडे नाव खालच्या पाण्यात उतरवायची होती. दोन दरवाज्यांमधल्या कुंडात नाव उभी करायची, काठावरून दांडा फिरवून झडपा उघडायच्या, मग पाणी उतरतं आणि नावही. दांडा मी फिरवते, कारण साहेब कप्तान. दोर नुसता खुंट्याला वळसा घालून हातात धरायचा आणि सैल सोडत जायचा, हे पोरासोरांनाही माहीत. पण पिंपं बांधणारा माणूस वळशावर थांबेल कशाला? त्याने पक्की गाठ मारली. पाणी गेलं खाली आणि नाव एका बाजूने दोराला लटकली! कपबशा, खुर्च्या, तो आणि गोगलगायींची पेटी, सगळं एका कोपऱ्यात. मी धावत झडपा बंद केल्या. त्याने तोच घाणेरडा चाकू काढून दोर कापला, नाव धप्पकन पाण्यावर आदळली. तो उठला तेव्हा टोपीवर, दाढीवर, कॉलरमध्ये सगळीकडे गोगलगायी!

मी हसले, ताई. काठावर बसून पोट धरून हसले. तोही हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. म्हणाला की इव्होन गेल्यापासून जेवायला बसलं की घरात फक्त घड्याळ बोलतं, म्हणून माणूस दिसलं की तो बोलतच सुटतो.

चाकू अजून घाणच आहे आणि पंपही तीनदाच हलतो. पण मी ठरवलं आहे. रविवारपर्यंत थांबत नाही, शनिवारी सकाळी कोन्याकला न्याहारीच्या वेळी त्याला हो म्हणणार. भावजींना अजून सांगू नकोस.

तुझ्या मायेची धनीण,
आर्लेत


जार्नाक, गुरुवार, ११ जुलै

सौ. लुसिएनबाई यांस,
स. न. वि. वि.

आपण मनापासून खटपट केलीत, म्हणून आधी आपल्याला लिहितो. मला हे लग्न जमणार नाही. कोन्याकला मी उतरेन आणि आर्लेतबाईंना तोंडावर सांगेन, पळून जाणार नाही.

मी आडदांड माणूस, माझं चुकतं हे मला कळतं. पण बाई रोज माझं ताट वाढण्याआधी बोट जिभेला लावतात आणि ताटाची कड पुसतात. त्यांनी लिमोजच्या चिनी मातीच्या कारखान्यात चाळीस वर्षं ताटांच्या कडा रंगवल्या, तिथली सवय असेल. पण त्या थुंकीच्या ताटातला घास माझ्या घशाखाली उतरत नाही. काल त्यांनी माझ्या हनुवटीवरचं लोणीही तसंच पुसलं.

तेही सोसलं असतं. पण मी घासाला तोंड उघडलं की त्यांचा चेहरा बघवत नाही. काल त्या हसल्या तेव्हा वाटलं, झालं, मिटलं. रात्रीच्या जेवणाला पुन्हा तोच चेहरा. इव्होनला मी जेवताना आवडायचो. या नजरेसमोर मला जेवता येणार नाही.

फेर्नांला सांगा, मैत्रीत अंतर येऊ देऊ नये.

आपला,
मार्सियाल


कोन्याक, सोमवार, १५ जुलै

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर जेवायला येत नाही एवढंच सांगू शकले, माफ कर. तू काहीतरी सांगायला बघत होतीस आणि मी फोन ठेवला. आता कळतं, तुला आधीच माहीत होतं.

शनिवारी मी कॉफी ओतली आणि तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानेच टोपी हातात घेतली. सगळं सांगितलं, खाली मान घालून, एकही वाईट शब्द न वापरता. नावेचं भाडं मंगळवारपर्यंत भरलंय, तोवर ठेवा म्हणाला आणि पेटी काखोटीला मारून गेला. मी हो म्हणणार होते, हे त्याला कळलं नाही, मी कळू दिलं नाही.

आठवडाभर मी त्याच्याकडे बघत बसले. त्यालाही डोळे आहेत, हे एकदाही मनात आलं नाही. राग नाही आला, ताई. लाज वाटली, इतकी की फोन करायला गेले ते सोडून दोन दिवस नावेतून बाहेर पडले नाही. आज एकटीपुरतं ताट घेतलं आणि बोट आपोआप जिभेकडे गेलं. मला खरोखरच माहीत नव्हतं की मी असं करते.

आणि तू? दर नाताळला तुझ्या घरी अठरा ताटं मीच मांडते. इतकी वर्षं त्यात जेवलीस, आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?

उत्तर लिहू नकोस. येऊन सांग.

तुझी,
आर्लेत