सायलीच्या परीक्षेसाठी माझं डोकं

सोम., ४
सकाळी साडेअकराला, मार्केट यार्डामागच्या टपरीवर, सायलीने माझ्या केसांत बोटं घातली. त्याच्या आधीचं आयुष्य वेगळं, हे वेगळं. ती फक्त केस किती दाट ते बघत होती म्हणे. "शनिवारी कलरिंगची परीक्षा आहे. मॉडेल हवाय. बसशील?" अकरावीपासूनची ओळख, पहिल्यांदाच काही मागितलं. लगेच हो. कॉलेज सोडायलाही एवढाच वेळ लागला होता. लोणीचं इंजिनीअरिंग, दुसरं वर्ष, सर वर्गासमोर मला हसले, मी बॅग उचलली. आता मामाच्या मसाल्याच्या गाळ्यावर. पश्चात्ताप शून्य.

मंगळ., ५
सा.चा मेसेज. पाठ झाला. तेल नाही, जेल नाही. शुक्रवारी साधा शाम्पू, शनिवारी धुवायचे नाहीत. आईला सांगितलं, रविवारपर्यंत डोक्याला तेल नको.
"कोण म्हणतं?"
"तज्ज्ञ."
"तुझ्या डोक्याचे तज्ज्ञ असतात?"

बुध., ६
खराडी. सा. शिकते ते सलोन. कानामागे कलरचा ठिपका लावला, ॲलर्जी बघायला. दोन दिवस पुसायचा नाही. पुसतोय कशाला. मग फॉर्म.
"मेंदी, कलप, काही लावतोस?"
"मी काय पेन्शनर आहे?"
"हो का नाही, तेवढं सांग."
"नाही."
तिने लिहिलं, मी सही केली. मग म्हणाली, बरं झालं. काळ्या मेंदीवर ब्लीच लावलं तर कधी कधी केस तापतात, हातात तुटून येतात. मागच्या बॅचची एक त्यातच नापास.
विसाव्या वर्षीच पांढरे दिसायला लागले. तेव्हापासून दर महिन्याला काळी मेंदी. फक्त आईला माहीत. गेल्या रविवारीच लावलीये.

गुरु., ७
काढून टाकतो, त्यात काय. कानामागचा ठिपका वाचवून शाम्पू तीनदा. मग भांड्यांचा साबण. आई मोरीच्या दारात. "केस आहेत का कढई?" कढई तरी निघाली असती.

शुक्र., ८
गाळ्यावर, मिरचीच्या पोत्यांमागे जाऊन फोन. एका दमात सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "किती महिने?"
"चौदा."
"आणि परवा विचारलं तेव्हा?"
"तुला पांढरे कळायला नको होते."
ती भांडली नाही. भांडली असती तर बरं, भांडण मला जमतं.
"उद्या नऊला ये. खोटं तू लिहायला लावलंस, परीक्षा घेणाऱ्या बाईंना तूच सांगायचं. एक बट कापून तिच्यावर ब्लीच लावून बघू. तापली नाही तर बसशील. तापली तर माझी परीक्षा गेली."
मग, "अजून काही लपवलंयस? एकदाच सांगून टाक."
"नाही."
म्हणजे आठवड्यात दोनदा खोटं. दोन्ही वेळा तिच्याशीच.

शनि., ९
खराडीच्या बसस्टॉपवर लिहितोय. केस कोरडे, मोकळे. कानामागे काही लाल नाही. बाईंना सांगणार, सरळ. बट तापली तर सा. बोलेल ते ऐकून घेईन, तोंड न उघडता. नाही तापली तर बसेन तीन तास, मान न हलवता. दुसरी गोष्ट परीक्षा झाल्यावर. आधी सांगितली तर तिचा हात हलेल. हलेल, मला खात्री आहे.
निघताना आई म्हणाली, "काय सांगणारेस तिला?"
"सगळं."
"मग तो चुरगळलेला शर्ट बदल."
बदलला. पायांत चपला घातल्या, बाहेर आलो, दार ओढून घेतलं.