सातव्या पायरीचा शेंदूर

माय, काल आपल्या विहिरीत उतरलो आणि तुझी फार आठवण आली. तुला जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी या विहिरीची मालकीण मला अजून तूच वाटतेस. वलगावच्या मळ्यामागं तेव्हा पाणथळ जमीन होती, गुडघाभर चिखल, लव्हाळं, बगळे. आम्ही गावच्या जवानांनी चर खणून ते सगळं पाणी नदीत काढून दिलं. तालुक्याचे साहेब घोड्यावरून येऊन शाबासकी देऊन गेले. मी छाती फुगवून घरी आलो, तर तू वांग्यांची टोपली भरते आहेस. मान वर न करता म्हणालीस, "त्या पान्यानं काय बिघडवलं होतं तुमचं? काहून हाकलून राहिले त्याले?" मला राग आला. पुढं तिथं कंबरेएवढी कपाशी आली, तेव्हा तुला मुद्दाम दाखवायला नेलं. "चांगली हाय," म्हणालीस आणि येताना विहिरीत डोकावलीस.

पाणथळ आटवल्यावरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात विहिरीत मोट तळाला लागू लागली. मी अकोटहून पाणी उपसायचं जुनं इंजिन गाडीत घालून आणलं. पाट भरून वाहायचा, मला इंजिन बंद करवत नसे, आणि विहीर दुपारीच रिकामी. तू समजावलंस, भांडलीस. मग एका दुपारी कोरड्या विहिरीत उतरून सातव्या पायरीला शेंदूर फासून आलीस. रात्रीत विहीर पुन्हा भरली; दुसऱ्या दिवशी पाणी उतरता उतरता शेंदूर उघडा पडला आणि इंजिनवाल्या गड्यानं हात जोडून इंजिन बंद केलं. "देवाच्या पायाखालचं पानी कसं उपसू, मालक?" तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "दगडच हाय तो. पन माह्यं ऐकत नाई तू, त्याचं ऐकशीन." शेजारचे मळे वाळले, आपली पालेभाजी भर चैत्रात अमरावतीच्या बाजारात जात राहिली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या तुला जे कळलं ते साहेबाला कळलं नाही, याचा मला आज फार अभिमान वाटतो. तेव्हा लाज वाटायची.

यंदा सकाळीसुद्धा पाणी त्या पायरीला शिवत नाही. गडी इंजिन सुरूच करीना, मिरच्यांनी माना टाकल्या. काल गडी जेवायला गेल्यावर मी वाटी घेऊन उतरलो, वीतभर पाण्याखालच्या नवव्या पायरीला हात घालून तेलातला शेंदूर फासला आणि तुझा नारळाच्या शेंडीनं घासून काढला. पुरता निघाला नाही. गडी आला आणि त्यानं काठावरून वाकून दोन्ही पायऱ्या निरखल्या. "देव खाली उतरला, मालक," म्हणाला आणि त्यानं इंजिन सुरू केलं. हा कागद कुठं पाठवणार? तू समोर असतीस तर हे सांगायची माझी हिंमत झाली नसती.