माहेरच्या नावाची गोळी

सोमवार, ५ फेब्रुवारी १९७३, कोल्हार
लिही मालन. सासू सांगते तसंच लिही, सुधारू नको.
विलायतेहून जावयाचं पत्र. कुसुमचं बाळंतपण मेमध्ये, आईंना धाडा. पण त्यांची हृदयाची गोळी तिकडं मिळत न्हाई. त्यानं नाव सांगितलं, तिथल्या दुकानदारानं नकाराची मान हलवली. थोरला लेक लगेच, "आई, मग जाणं राहू दे." लेक माझी, बाळंतपण मीच करणार. गोळी कोण लागून गेली?

गुरुवार, ८ फेब्रु.
एस.टी.नं नगर. डॉक्टर म्हणाले, "आजी, डबीवरचं नाव कंपनीचं. तिकडं वेगळं. औषधाचं मूळ नाव डिगॉक्सिन, तेच विचारायचं." थोरल्याच्या कपाळाला आठ्या. मला झटक्यात कळलं. म्हटलं, "माहेरी मी ठकू. लग्नात ताटातल्या तांदळावर सरस्वती लिहिलं. सासरी येऊन कुणी ठकू विचारली, तर कोण वळखणार?" डॉक्टर असे हसले, की कंपाउंडर डोकावला.
मग गंभीर झाले. "पण कंपनी बदलली की ताकद तीच असून अंगी कमीजास्त लागते. इथल्या गोळ्या संगं न्या. तिथली घ्यायची झाली तर तिथल्या डॉक्टरला दाखवून, मगच."
व्हय, सासरी बाईचा स्वभाव बदलतोच. मालन, हेही लिही. हसू नको.

रविवार, ११
नाव पाठ करतेय. आधी दीडगोक्षीण. मग डिगूबाई. शेजारची रखमा म्हणे, "कसला मंतर गं?" म्हटलं, "विमानात बसायचा." आता नीट येतंय. डि-गॉक-सिन. दूध उतू गेलं, जाऊ दे.

शनिवार, २४
परत नगर. डॉक्टरांपुढं नाव घडाघडा म्हटलं, पाव मिलीग्रामसकट. बाकावरचे पेशंट बघतच राहिले. थोरलासुद्धा. लई बरं वाटलं.
डॉक्टरांनी नाडी धरली. बराच वेळ सोडली न्हाई. "जरा मंद चालतेय. गोळी कमी करू. पंधरा दिवसांनी या, विमानाचं तेव्हा बोलू."
घरी आल्या आल्या डिंक काढला, खारका फोडायला घेतल्या. मालन, कुसुमला पत्रात कळव, आई लाडू घेऊन येतेय.
लेखणी का थांबली तुझी? "आत्याबाई, डॉक्टरांनी हो कुठं म्हटलंय?"
न्हाई तरी कुठं म्हटलंय? लिही.